आंबेमोहराचा गंध

भाटघरच्या धरणामागे वेळवंडीच्या खोऱ्यात राब भाजून भाताचा तरवा टाकण्याची आणि चिखलणी होताच तो खाचरांत लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आणि या भोर-वेल्ह्याच्या मुलखातील आंबेमोहर तांदूळ चुलीवर रटरटू लागला, म्हणजे त्याचा दरवळ शेजारच्या घरापर्यंत पोहोचतो. हा गंध दाण्यात येतो कोठून, याचा शोध घेऊ लागले की आनुवंशिकतेचे सारे रहस्य हाती येते.

भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात आणि त्यांत डीएनए नामक दीर्घ रेणूच्या रूपाने रोपाचा समग्र मजकूर अवघ्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. या रेणूची दुपेडी रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी उलगडली. संस्थानी अमलात भोरच्या पंतसचिवांच्या दप्तरी मूळ कागद राहावा आणि अंमलदाराकडे त्याची नक्कल जावी, त्याप्रमाणे डीएनए केंद्रकातच राहतो, आरएनएच्या रूपाने नक्कल बाहेर पडते आणि तिच्याबरहुकूम, दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल या हिशेबाने, प्रथिन सिद्ध होते. ही सांकेतिक लिपी उकलणाऱ्या हरगोविंद खुरानांना १९६८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला.

साध्या भातात आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकानुसार जे विकर बनते, ते गंधाच्या पूर्वद्रव्याचा परस्पर निकाल लावते. बासमतीसह बहुसंख्य सुगंधी वाणांत मात्र या जनुकातील आठ अक्षरे गळालेली आहेत. आठाला तिनाने भाग जात नाही. साहजिकच पुढील सर्व त्रयी सरकतात, थांबण्याचा हुकूम अकालीच येतो, विकर अर्धवट राहून निकामी ठरते, आणि साचलेल्या पूर्वद्रव्यापासून २-असिटिल-१-पायरोलिन हे गंधद्रव्य निर्माण होते. आंबेमोहराचा दरवळ याच द्रव्याचा. ज्याला आपण वाणाचे वैभव समजतो, त्याच्या मुळाशी अक्षरांचा लोप असावा, याहून विस्मयकारक गोष्ट मला या शास्त्रात आढळली नाही.

आंबेमोहराचे ताट उंच, त्यामुळे ते वाऱ्यापावसात लोळते. म्हणून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ हे ठेंगणे वाण यांच्या संकरातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ ही भाताची जात दिली. आयआर-८चा ठेंगणेपणाही पहिल्या गुणसूत्रावरील ३८३ अक्षरांच्या लोपातून आलेला! असे लोप अप्रभावी असतात, कारण मातापित्यांपैकी एकाकडून आलेली शाबूत प्रत काम भागवते. म्हणून अशा संकराच्या पहिल्या पिढीत गंधही नसतो आणि ठेंगणेपणाही नसतो. दुसऱ्या पिढीत सोळांमागे सरासरी एका रोपात दोन्ही गुण एकत्र येतात, आणि तेच रोप शेतातून हुडकून काढावे लागते.