पावसाचा कोणता आकडा खरा?

२७ जुलै २०१९ चा दिवस आठवतो का? आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान, चामटोली गावाजवळ अडकून पडली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने होड्या घातल्या. नौदल, हवाई दल व गावकरी मदतीला आले आणि सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर पडले.

आता समजा, तुमच्या शाळेच्या संकेतस्थळावर ‘आजचे हवामान’ दाखवणारी एक चौकट बसवायची आहे. आकडे पुरवणाऱ्या सेवा पुष्कळ. एक म्हणते पाऊस १२ मिलिमीटर, दुसरी म्हणते ४०! निवड कशी करावी? प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : कोठे मोजला? २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच मुंबईतील कुलाब्याला सुमारे ७३! चामटोली तर सांताक्रूझपासून चाळीस किलोमीटरांहून दूर आहे. तेव्हा ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून मिळणारा आकडा चामटोलीच्या उपयोगाचा नाही. शिवाय उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, नेरळकडून इकडे येते. म्हणजे पुराचा अंदाज हवा असेल, तर चामटोलीइतकाच कर्जतचा पाऊसही पाहावा लागेल.

दुसरा प्रश्न : केव्हा मोजला? भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असा मोजतो. एखादी सेवा मध्यरात्र ते मध्यरात्र मोजत असेल, तर दोघींचे आकडे जुळणार नाहीत, आणि तरीही दोन्ही बरोबर असू शकतील! पुन्हा, रात्री चढणाऱ्या पाण्याची सूचना सकाळी मिळून काय उपयोग? त्यासाठी तासातासाचे आकडे हवेत.

तिसरा प्रश्न : कसा मोजला? पर्जन्यमापकात पाणी प्रत्यक्ष साठते. रडार थेंबांवरून परतलेल्या रेडिओलहरींवरून पावसाचा अंदाज बांधते. संगणकीय प्रतिमान मात्र पृथ्वीवर चौकोनांची जाळी कल्पून गणित करते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची जाळी ६ किलोमीटरची आहे, म्हणजे ३६ चौरस किलोमीटरांना एकच आकडा! गावाचे नाव टाइप केले की आकडा दिसतो खरा. पण त्या गावात पर्जन्यमापक असेलच असे नाही.

मग परीक्षा कशी घ्यायची? स्वतः मोजून! १४ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे बाटलीत बसवा व उघड्या जागी ठेवा. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा. ३०८ घनसेंटिमीटर भरले, तर ३०८ ÷ १५४ = २ सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस. शेजारी प्रत्येक सेवेचा आकडा लिहा.

तीस दिवसांनी सरासरी चूक काढा. पण तेवढ्यावर भुलू नका बरे! समजा, ‘क’ सेवा २९ दिवस अगदी अचूक होती, पण एका दिवशी ३०० मिलिमीटर पाऊस पडला असता तिने ३० सांगितला. तिची सरासरी चूक २७० ÷ ३० = ९ मिलिमीटर. ‘ख’ सेवा रोज १० मिलिमीटरने चुकली. त्या दिवशीही तिने २९० सांगितला. तिची सरासरी चूक १०. गुणपत्रिकेत ‘क’ पहिली!

परंतु नदीकाठच्या गावाने कोणती निवडावी? उत्तर तुम्हीच द्या. मात्र देण्यापूर्वी रुळांवर उभी राहिलेली ती गाडी आठवा.