चोवीस तासांची पाळी

घरात सर्वांत अधिक तास कोण राबते, असे विचारले तर गृहिणीकडे बोट दाखवले जाईल आणि ते योग्यच होईल. पण ज्यांच्या घरी माशांची काचेची टाकी आहे त्यांच्याकडे तिच्याही पुढचा एक राबणारा असतो. तो म्हणजे त्या टाकीतल्या फिल्टरची मोटार. दिवा निजताना मालवला जातो, पंखा थंडीत बंद राहतो, फ्रीजचा कॉम्प्रेसरदेखील मधूनमधून थांबून दम खातो. फिल्टरला मात्र रविवार नाही की रात्र नाही. वर्षाचे तास होतात ८,७६०, आणि ते सगळेच त्याचे कामाचे तास. कामगार-संघटनेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला कोणत्याही यंत्राची आधी पाळी दिसते, ताकद मागाहून. विजेच्या बिलाचे गणितही असेच आहे.

एक वॉट वर्षभर अखंड खर्च झाला की ८.७६ युनिटे होतात. हा एवढा आकडा ध्यानात ठेवला की पुढचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येते. पाण्यात बुडवून ठेवण्याचा १० वॉटचा फिल्टर वर्षाला सुमारे ८८ युनिटे घेतो. मोठ्या टाकीखाली ठेवलेला २० वॉटचा बंद डब्याचा फिल्टर १७५ घेतो. ३ वॉटचा छोटा हवापंप २६ युनिटांवर भागवतो. याच्या जोडीला २० वॉटचा दिवा रोज आठ तास लावला तर त्याची ५८ युनिटे होतात. म्हणजे बिलाच्या धाकाने आपण जो दिवा घाईघाईने मालवतो, त्याच्यापेक्षा शेजारी मुकाट्याने चाललेला १० वॉटचा फिल्टर अधिक खातो! दर प्रत्येकाने आपापल्या बिलावरून लावून पाहावा.

आता शंका अशी येईल की, दहा वॉटचे काम तीन वॉटांत कसे व्हावे? यासाठी मुळात काम कोणते आहे ते पाहिले पाहिजे. फिल्टर म्हणजे पाणी गाळणारे फडके, अशी आपली समजूत असते. गाळणे हे त्याचे दुय्यम काम. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि तो त्यांना विषासारखा आहे. या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करण्याचे काम सूक्ष्म जिवाणू करतात. हे जिवाणू १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे काढून दाखवले. त्यांच्या मागण्या दोनच आहेत : बसायला जागा आणि श्वासाला प्राणवायू. स्पंजाच्या असंख्य छिद्रांत त्यांना जागा मिळते, आणि प्राणवायू मिळतो तो त्या छिद्रांतून संथ वाहणाऱ्या पाण्यातून. पाण्याला जोर लागत नाही, वाहण्यात खंड पडू नये एवढेच लागते.

शिवाय या कामाला शक्ती किती लागते, तेही मोजता येते. ताशी २०० लिटर पाणी दोन सेंटिमीटर उचलायचे असेल तर निव्वळ उचलण्याचे काम एका वॉटच्या शंभराव्या भागाइतके भरते. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले, म्हणून हा हिशेब आम्ही तीनदा करून पाहिला. उत्तर तेच आले. बाकीची सारी वीज नळीतल्या घर्षणात, मोटारीच्या अंगच्या तोट्यात आणि उष्णतेत जाते. हवापंपही काही मोठा काटकसरी नाही, त्याचाही बराचसा भाग वाया जातो. पण मुळात घेतो थोडे म्हणून गमावतोही थोडे. आणि त्याची उष्णता खोलीत जाते. बुडवलेल्या मोटारीची उष्णता सरळ पाण्यात उतरते, जी एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या माशांना मुळीच नको असते.

हवा पाणी कसे उचलते, यासंबंधी एक गैरसमज आहे. बुडबुडे पाण्याला खालून ढकलत नेतात असे वाटते. वस्तुतः तो तराजूचा खेळ आहे. स्पंजाच्या मध्यातून एक उभी नळी वर येते. तिच्या तळाशी हवा सोडली की नळीत पाणी आणि बुडबुडे यांचे मिश्रण होते, आणि ते बाहेरच्या निव्वळ पाण्यापेक्षा हलके असते. हलके पारडे वर जाते, तसे ते मिश्रण वर चढते आणि त्याच्या जागी स्पंजातून नवे पाणी ओढले जाते. पाण्यात फिरणारे चाक नाही, दट्ट्या नाही, विजेची तारही नाही. ही युक्ती कार्ल लोशर या जर्मन अभियंत्याने १७९७ साली काढली असे मानतात. दुष्काळी मुलखातल्या श्रोत्यांना ती नवी वाटू नये. बोअरमध्ये कॉम्प्रेसरची नळी सोडून फसफसत पाणी काढताना त्यांनी ती पाहिलेली असेल. तत्त्व तेच.

वर आलेले बुडबुडे पृष्ठभाग ढवळतात आणि पाण्याला प्राणवायू मिळतो, हा दुसरा लाभ. या प्राणवायूसाठी पूर्वी काय करावे लागे? १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले. ते जगावे म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे, अर्धा ते पाऊण तास! घरातल्या मत्स्यालयांच्या इतिहासात बाईंचे नाव आदराने घेतात, आणि घ्यावेच. आम्हाला मात्र ती ओतणारी अधिक आठवते. तीन वॉटचा हवापंप आज करतो ते काम तिचेच आहे.

पुष्कळ घरांत हल्ली दोन्ही यंत्रे दिसतात. पाणी गाळायला मोटारीचा फिल्टर आणि शोभेचे बुडबुडे सोडायला हवापंप. अशा घरी खरी बचत आहे. हवापंप चालूच आहे. त्याच्या नळीला स्पंज जोडला की एकाही जादा वॉटाशिवाय फिल्टर तयार होतो, आणि मोटारीला रजा देता येते. मासे विकणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. ओळीने टाक्या मांडलेल्या दुकानात जाऊन पाहावे : कोपऱ्यात एकच ब्लोअर, त्याची एकच लांब नळी, आणि तिला फुटलेल्या बारीक नळ्यांवर टाकीटाकीतला स्पंज. टाकीगणिक मोटार बसवली असती तर दुकानदाराचा नफा बिलातच गेला असता.

वीज गेल्यावर तर या दोन पद्धतींतला भेद जिवावर येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज एकदम गेली आणि काही भागांत ती तासन् तास नव्हती. अशा वेळी बंद डब्याच्या फिल्टरात अडकलेले पाणी जिवाणूंनाच पुरत नाही. प्राणवायू संपतो, ते गुदमरतात, आणि वीज परतताच डब्यातले कुजके पाणी टाकीत येते. स्पंज उघड्या टाकीत असल्याने त्याची गत इतकी वाईट होत नाही. शिवाय बॅटरीवरचा लहानसा हवापंप त्याच नळीला लावता येतो. मात्र हवापंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, किंवा नळीत उलट प्रवाह अडवणारी झडप बसवावी. नाहीतर वीज जाताच पाणी नळीवाटे मागे येऊन पंपात, म्हणजे विजेच्या उपकरणात, शिरते.

ही पद्धत सर्वत्र चालेल असे आम्ही म्हणणार नाही. मोठे, खादाड मासे दाटीने ठेवले तर एका स्पंजाने निभत नाही. वनस्पतींसाठी मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडला असेल तर बुडबुडे तो उडवून लावतात. आणि आवाज होतोच. पंपातला रबरी पडदा विजेच्या तालावर थरथरतो, त्याची ती घरघर असते. खाली जाड स्पंजाचा तुकडा ठेवला आणि उभ्या नळीच्या तळाशी बारीक छिद्रांचा हवादगड बसवला, तर आवाज बराच उतरतो. पडदा फाटला तर तेवढाच बदलता येतो.

स्पंज धुण्याची रीतही सांगितली पाहिजे. तो नळाखाली धरू नये, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते. टाकीतले जे पाणी बदलायला काढतो त्याच बादलीत दोनतीनदा पिळून परत बसवावा. तो पांढराशुभ्र व्हावा असा हट्ट नको. आणि ज्यांना मोटारीचा फिल्टर काढून टाकायचा असेल त्यांनी नवा स्पंज त्याच्या शेजारी लावून दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालवावेत. जिवाणूंना नव्या जागी वसायला तेवढा अवधी लागतो. त्या महिन्या-दीड महिन्याची वीज वाचत नाही, ती खर्ची धरावी. जुना फिल्टर त्यानंतरच बंद करावा.