फत्तेचं गाव, रेल्वेच्या पाटीवर

फतेहाबाद म्हणजे काय?
फतेह (मराठीत फत्ते) म्हणजे विजय, आबाद म्हणजे वसलेलं. इंदूरहून उज्जैन किंवा रतलामकडे जाताना ‘फतेहाबाद चंद्रावतीगंज’ हे जंक्शन लागतं. पिवळ्या पाटीवरचं हे लांबलचक नाव एका लढाईची खूण आहे. प्रवाशांना मात्र ते आठवतं गुलाबजामांमुळे.

लढाई कोणती?
धर्मातची, एप्रिल १६५८, गंभीर नदीकाठी. एका बाजूला औरंगजेब आणि मुराद, दुसऱ्या बाजूला जसवंतसिंह आणि कासिमखान यांची बादशाही फौज. औरंगजेब जिंकला आणि जागेला फतेहाबाद नाव पडलं. पडलेल्यांत रतलामचे रतनसिंह राठोड होते. त्यांची छत्री तिथे आहे. जुनं धर्मात हे नावही टिकून आहे.

फरक लक्षात घ्या
• लढाईमुळे गावाला नाव: फतेहाबाद. महाराष्ट्रात घोडखिंडीची पावनखिंड झाली (जुलै १६६०).
• गावामुळे लढाईला नाव: महिदपूर, २१ डिसेंबर १८१७. क्षिप्रेकाठी होळकरांचा पराभव, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. पुढे राजधानी इंदूरला. ‘महिदपूर रोड’ स्टेशन नागदा–कोटा मार्गावर आहे.
• लढाईचं नाव दूरच्या शहरात: वॉटर्लू बेल्जियममध्ये (१८१५), त्याच नावाचा पूल लंडनमध्ये (१८१७), स्टेशनही तिथेच (१८४८).
• पानिपत (१४ जानेवारी १७६१): मराठीत थेट वाक्प्रचार. निवडणुकीत, क्रिकेटमध्ये आजही कुणाचं ना कुणाचं ‘पानिपत’ होतं.