२५७वा पाहुणा

आजीच्या ओव्यांची वही वाळवीने पोखरली, तेव्हा मी तिची पानं स्कॅन करून ठेवली. त्या चित्रांची दुसरी प्रत करायला सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओव्यांची युनिकोडमध्ये टंकलेली फाइल बिनचूक उतरली होती. त्या भरवशावर मूळ चित्रं पुसायला निघालो, तर प्रती ० बाइटच्या! चूक सांगणारा एकही संदेश नव्हता.

दोष एका शब्दाचा होता. फाइलमधला एकेक बाइट वाचणारं ‘एफगेटसी’ हे फंक्शन ० ते २५५ यांपैकी आकडा देतं. फाइल संपली की वेगळी खूण देतं, बहुधा उणे १. म्हणजे शक्य उत्तरं २५७. मी ती ‘कॅर’ प्रकारात ठेवली, जिथे घरं २५६च. माझ्या संगणकावर २५५ तिथे शिरताच उणे १ झाला आणि प्रोग्रॅमला फाइल संपल्यासारखी वाटली. जेपेग चित्राचा पहिलाच बाइट २५५ असतो. यूटीएफ-८ मांडणीत तो कधीच येत नाही. म्हणून ओव्या वाचल्या. काही यंत्रांवर कॅरमध्ये उणे आकडा मावतच नाही. तिथे शेवटाची खूण ओळखू येत नाही आणि वाचन थांबत नाही.

उपाय: ‘कॅर’ऐवजी ‘इंट’. त्यात २५७वा पाहुणाही सुखाने राहतो. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हे सांगितलं आहे. मी ते वाचलंही होतं. आता मूळ फाइल पुसण्याआधी दोन्हींचे बाइट ताडून पाहतो.