बॉम्बे हायच्या तळाशी राबलेले हात

मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रातून २१ मे १९७६ रोजी तेल निघू लागलं; २०२६ साली त्याला ५० वर्षं. अशा वेळी तेलाची विहीर खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ रिगचा फोटो छापतात, १९७४ सालचा शोध आठवतात. प्लॅटफॉर्मच्या पायाशी पाण्यात वेल्डिंग करणाऱ्यांबद्दल अवाक्षर नसतं. हे मला फार लागतं.

या विद्येचा आधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९३२च्या सुमारास सोव्हिएत रशियात कॉन्स्टन्टिन ख्रेनोव्हने पाण्यात टिकणारा रॉड केला, महायुद्धात त्याने बोटी दुरुस्त झाल्या, पुढे नॉर्थ सीच्या तेलाने त्याचा मोठा धंदा केला. आमचं दशक ऐंशीचं.

तेव्हा मी एका डायव्हिंग कंपनीच्या बार्जवर वेल्डिंगच्या करंटचा नाईफ स्विच सांभाळत असे. खालून ‘मेक इट हॉट’ आलं की खटका टाकायचा, ‘कोल्ड’ आलं की तोडायचा. रॉड बदलतानाही करंट बंदच हवा, कारण डायव्हरच्या हाताला रबरी मोज्याखेरीज आडोसा नसे. आर्कभोवती वायूचा बुडबुडा धरतो, त्यातच धातू वितळतो. बुडबुडे उसळत राहतात, समोरचं धड दिसत नाही, लाटेचा ओढा अंग हलवत असतो, आणि तरीही आमची पोरं सरळ टाका ओढायची.

या ओल्या वेल्डिंगचा दोष सगळ्यांना ठाऊक होता. पाणी सांधा क्षणात थंड करतं, पोलाद ठिसूळ होतं, हायड्रोजन आत शिरतो आणि काही तासांनी, कधी दिवसांनी, कडेला तडा जातो. म्हणून पाइपलाइनला आणि भार घेणाऱ्या सांध्याला कोरडं वेल्डिंग लागतं. पाइपभोवती हॅबिटॅट, म्हणजे माणूस मावेल अशी पेटी, बसवायचं, वायूच्या दाबाने पाणी बाहेर लोटायचं, आत पाइप आधी तापवायचा, मग वेल्ड. ७५ मीटरवर दाब वरच्यापेक्षा साडेआठ पट. डायव्हर जहाजावरच्या चेंबरमध्ये दिवसेंदिवस त्याच दाबात राहतात, श्वासातल्या हेलिअममुळे चिरक्या आवाजात बोलतात, आणि काम संपल्यावर दाब उतरायलाच तीन-चार दिवस जातात.

हे सगळं महाग. आमच्या साहेबांनी हॅबिटॅटचा खर्च वाचवायला प्लॅटफॉर्मच्या एका ब्रेसवर, म्हणजे आधाराच्या आडव्या-तिरक्या नळीवर, ओला वेल्ड मारायला लावला, आणि तडा गेल्यावर अहवालात डायव्हरची कारागिरी निकृष्ट ठरवली. तो अहवाल खोटा होता, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. त्या रत्नागिरीच्या पोराला पुन्हा काम मिळालं नाही. चेंबरच्या जागा परदेशी डायव्हरना आणि उरलेलं ओलं काम आपल्यांना, ही वाटणीही त्याच साहेबांची.

नव्वदनंतरची वर्षं मला सारखीच वाटतात. अपवाद २७ जुलै २००५चा. ‘समुद्र सुरक्षा’ जहाज बॉम्बे हायच्या एका प्लॅटफॉर्मच्या राइझरवर, म्हणजे तेल-वायूच्या उभ्या पाइपवर, आदळलं, आगीत २२ माणसं गेली. त्या जहाजाच्या चेंबरमध्ये सहा डायव्हर दाबाखाली होते. बाकीच्यांसारखं जहाज सोडणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांची सुटका ३६ तासांनी झाली.

आता वेल्डऐवजी क्लॅम्प बसवतात, माणसाऐवजी आरओव्ही, म्हणजे वरून चालवायचं यंत्र, उतरवतात. माणसाचा जीव वाचत असेल तर हवंच ते. पण ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचं काय? नॉर्थ सीच्या जुन्या डायव्हरना दाब उतरवण्याच्या वेळापत्रकांची आवश्यक माहिती मिळाली नाही, म्हणून २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने नॉर्वेला दोषी धरलं. माझ्या बरोबरीच्या काहींचे खुबे त्याच दाबाने झिजले असं डॉक्टर म्हणतात. दावा करायचा तर डायव्ह लॉग हवेत, ते कंपनीकडे होते, आणि कंपनी विकली गेल्यावर ते कागद कुठे गेले हे आजवर कोणीही सांगितलेलं नाही.