झाडूच्या जोडीला यंत्र : स्वच्छता-व्यवसायासाठी धूळशोषकाची निवड

शासकीय कार्यालये, रुग्णालये, बँका, महाविद्यालये आणि सभागृहे यांच्या साफसफाईचे काम कंत्राटाने देण्याची पद्धत आता महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीही ती रुजली आहे. सुशिक्षित बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्था, महिलांचे बचत गट आणि स्वतंत्र व्यवसाय करू पाहणारे तरुण या कामासाठी पुढे येत आहेत. झाडू, खराटा, सुपली आणि फरशी पुसण्याचे कापड एवढ्या सामग्रीवर प्रारंभ होतो खरा. परंतु लवकरच गालिचे, गादीच्या खुर्च्या, पडदे, संगणक कक्ष अशी कामे समोर येतात आणि धूळशोषक यंत्र, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला व्हॅक्यूम क्लीनर, विकत घेण्याची वेळ येते. अनेक संस्थांच्या दृष्टीने ही पहिली मोठी खरेदी असते आणि पुष्कळदा ती कर्ज काढून केलेली असते. निवड चुकली तर यंत्र वर्षभरात निकामी होते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

वस्तुतः हे यंत्र जन्माला आले तेच मुळी व्यवसायासाठी. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने एक प्रात्यक्षिक पाहिले. त्या यंत्रातून हवेचा झोत सोडून धूळ उडवली जात असे. धूळ उडवण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असा विचार त्याच्या मनात आला. एका उपाहारगृहातील मखमली खुर्चीवर रुमाल पसरून त्याने तोंडाने जोराने हवा ओढली, तेव्हा रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा काळा डाग उमटला. त्यावरून त्याने बनवलेले यंत्र एवढे अवजड होते की, ते घोडागाडीवरून न्यावे लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. बूथने प्रारंभी यंत्र विकले नाही; साफसफाईची सेवा विकली. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्राने स्वच्छ करण्यात आले.

हातात धरून चालवता येण्याजोगे विजेचे यंत्र लोकप्रिय झाले ते अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांच्यामुळे. ते एका मोठ्या दुकानात सफाईचे काम करीत आणि त्यांना दम्याचा विकार होता. झाडताना उडणारी धूळ असह्य झाल्यामुळे त्यांनी पंख्याची मोटार, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९०८ मध्ये मिळाले व पुढे ते हूवर कुटुंबाने विकत घेतले. धूळ कामगाराच्या छातीत जाऊ नये, या गरजेतून हे यंत्र साकारले, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

तासांचा हिशेब

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत हा व्हॅक्यूम क्लीनर पोचला तो मुख्यतः १९८० नंतरच्या दशकात, दारोदार जाऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या विक्रेत्यांमार्फत. त्यामुळे व्हॅक्यूम क्लीनर म्हटले की घरगुती यंत्राचेच चित्र डोळ्यांपुढे येते आणि नव्या संस्थेचा पदाधिकारीही दुकानात जाऊन तेच मागतो. किंमत कमी असते, बांधणी सुबक असते. मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु साधा हिशेब करून पाहावा. घरात आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्धा तास यंत्र चालले, तर वर्षाकाठी ५२ तास होतात. कंत्राटाच्या कामात रोज दोन तास आणि वर्षातून ३०० दिवस यंत्र चालले, तर ६०० तास होतात. म्हणजे घरातील साडेअकरा वर्षांचा वापर व्यवसायात एका वर्षात संपतो. अनेक घरगुती यंत्रांच्या हमीपत्रात व्यावसायिक वापर वगळलेला असतो, हेही बारीक अक्षरात छापलेले असल्यामुळे नजरेतून सुटते.

फरक केवळ टिकाऊपणाचा नाही, रचनेचाही आहे. बऱ्याच घरगुती यंत्रांत ओढून घेतलेली हवाच मोटारीला थंड ठेवते. पिशवी भरली किंवा गाळणी तुंबली की हवेचा प्रवाह मंदावतो आणि मोटार तापू लागते. व्यावसायिक बांधणीच्या, विशेषतः ओले व सुके असे दोन्ही काम करणाऱ्या यंत्रांत मोटारीला थंड ठेवणारी हवा वेगळ्या मार्गाने खेळवलेली असते. मोटारीतील कार्बनचे ब्रश झिजतात, हे अटळ आहे. ते बदलता येतात की संपूर्ण मोटारच बदलावी लागते, एवढे विक्रेत्यास आवर्जून विचारावे.

वॅट म्हणजे ओढ नव्हे

खरेदी करताना सर्वांत अधिक फसवणारा आकडा वॅटचा होय. यंत्र किती वीज घेते, एवढेच तो सांगतो. किती धूळ ओढते, हे सांगत नाही. युरोपीय संघाने नेहमीच्या कोरड्या यंत्रांच्या वीजग्रहणावर सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली. त्याचबरोबर धूळ उचलण्याच्या क्षमतेची किमान पातळीही ठरवून देण्यात आली. चांगल्या बांधणीचे यंत्र कमी विजेत तेवढेच काम करू शकते, हे त्यामागील गृहीत होते.

पाहावयाचे ते दोन आकडे. पहिला ओढीचा : नळीचे तोंड पूर्ण बंद केले असता यंत्र पाण्याचा स्तंभ किती मिलिमीटर वर उचलू शकते. दुसरा हवेच्या प्रवाहाचा : तोंड मोकळे असताना दर सेकंदाला किती लिटर हवा आत जाते. हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. तोंड बंद असताना ओढ पूर्ण, पण प्रवाह शून्य. मोकळे असताना प्रवाह पूर्ण, पण ओढ जवळजवळ नाही. प्रत्यक्ष काम होते ते या दोहोंच्या मध्ये. उदाहरणार्थ, २,००० मिलिमीटर ओढ आणि सेकंदाला ५० लिटर प्रवाह असलेल्या यंत्राची तोंडाशी उपयोगी पडणारी शक्ती ढोबळमानाने २५० वॅटच्या आसपास भरते, मग त्यावर १,२०० वॅट लिहिलेले असो की १,८००. जाड गालिच्यातील आणि फटींतील धूळ काढण्यास ओढ हवी. मोकळ्या फरशीवरील केर आणि धूळ वाहून नेण्यास प्रवाह हवा. आपल्याकडील बहुतांश इमारतींत शहाबादी, कोटा, मोझाईक किंवा चकचकीत टाइल्सची फरशी असते. गालिचा असतो तो एखाद्या दालनात वा सभागृहात. तेव्हा फरशीसाठी रुंद, केसाळ ब्रशचे तोंड सोबत मिळते की नाही, हे ओढीच्या मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

अधिक वॅटचा आणखी एक त्रास असा. कार्यालयांच्या भिंतींवर सर्वसाधारणपणे ६ अँपिअरची प्लगची जागा असते. २३० व्होल्टला ती १,३८० वॅटपर्यंतच भार पेलते. त्याहून मोठे यंत्र लावायचे तर १६ अँपिअरची जागा शोधत फिरावे लागते. जुन्या इमारतीत ती जिन्यापाशी एखादीच असते.

धूळ जाते कोठे

ओढलेली धूळ यंत्रात राहते, असे सर्वजण गृहीत धरतात. ते अर्धेच खरे आहे. हवा आत जाते तशी बाहेरही पडते आणि मधली गाळणी जेवढी अडवील तेवढीच धूळ आत राहते. डोळ्यांना दिसणारा केर कोणतीही पिशवी अडवते. अपाय होतो तो न दिसणाऱ्या धुळीने. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनहून लहान कण श्वासाबरोबर आत जातात आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर पोचतात. साध्या कापडी पिशवीतून असे कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात, आणि तेही वेगाने. अशा यंत्रापेक्षा ओल्या कापडाने फरशी पुसणे केव्हाही बरे.

म्हणून गाळणीचा दर्जा लेखी मागावा. हेपा या नावाने ओळखली जाणारी गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. धोकादायक धुळीसाठी बनवलेल्या यंत्रांचे आंतरराष्ट्रीय पातळीवर एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत; त्यांच्यामधून पार होणाऱ्या धुळीचे प्रमाण अनुक्रमे १ टक्का, ०.१ टक्का आणि ०.००५ टक्का यांपेक्षा कमी असावे लागते. बांधकाम संपलेल्या इमारतीची पहिली सफाई हे कंत्राटदारांना हमखास मिळणारे काम. त्या धुळीत सिमेंट आणि सिलिका असते. सिलिकाची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. असे काम स्वीकारणाऱ्या संस्थेजवळ किमान एम वर्गाचे यंत्र आणि कामगारांच्या तोंडावर योग्य मुखपट्टी असलीच पाहिजे. घरगुती यंत्राने हे काम करू गेल्यास गाळणी काही मिनिटांत बुजते. दमट हवेत तर सिमेंट तिच्यावर अक्षरशः थिजते.

गाळणी उत्तम असूनही एक क्षण असा येतो की, सर्व धूळ कामगाराच्या तोंडाशी येते. तो क्षण पिशवी रिकामी करण्याचा. कापडी पिशवी झटकावी लागते, प्लास्टिकचे भांडे उपडे करावे लागते. तोंड बंद करून टाकून देता येणारी पिशवी यासाठी सर्वांत सुरक्षित. तिचा खर्च मात्र दरमहा येतो. निविदेचा दर ठरवताना हा खर्च धरला जात नाही आणि मग काटकसर म्हणून तीच पिशवी फाडून, झटकून पुन्हा वापरली जाते. काटकसरीचा हा मार्ग कामगाराच्या छातीतून जातो.

तहसील कार्यालयांतील अभिलेख कक्षांचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. रुमालात बांधलेली जुनी दप्तरे झटकली की धुळीबरोबर बुरशीही उडते. तेथे हेपा गाळणीचे, ओढ कमी-अधिक करता येणारे यंत्र आणि मऊ ब्रश वापरावा. पूर्ण ओढीवर जीर्ण कागद फाटतो. शाळांच्या ग्रंथालयांनाही हेच लागू पडते. याउलट, शाळेच्या वर्गखोल्यांना या यंत्राची गरज बहुधा नसते. ओले पुसणे तेथे पुरेसे आहे, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी निधी खर्च करण्यापूर्वी याचा अवश्य विचार करावा.

पावसाळ्यात तळघरात वा जिन्याखाली पाणी साचते अशा ठिकाणी ओले-सुके यंत्र उपयोगी पडते. मात्र पाणी ओढण्यापूर्वी कोरडी पिशवी व कागदी गाळणी काढून ठेवावी आणि काम झाल्यावर टाकी धुऊन वाळवावी, अन्यथा दुसऱ्या दिवशी दुर्गंधी पसरते. विजेची जोडणी अर्थिंगसह असावी. जिने, नाट्यगृहातील खुर्च्यांच्या रांगा आणि बसगाड्या यांसाठी पाठीवर घेण्याचे यंत्र सोयीचे. परंतु ते खरेदी करण्यापूर्वी ज्या बाईंना ते तासभर वागवायचे आहे, त्यांच्या पाठीवर चढवून पाहावे. पट्टे पुष्कळदा उंच पुरुषाच्या मापाचे असतात. रुग्णालयांत आवाजाचा प्रश्न येतो : १० डेसिबेलची वाढ कानाला सुमारे दुप्पट वाटते. फुटलेला पाऱ्याचा तापमापक किंवा ट्यूबलाइट यंत्राने कदापि उचलू नये, कारण पाऱ्याची वाफ खोलीभर पसरते. पेटते निखारे आणि पेट्रोलसारखे ज्वालाग्राही द्रव यांनाही हाच निर्बंध.

दर मागवताना

खरेदीच्या कागदपत्रांत ‘व्हॅक्यूम क्लीनर, नग १, १,५०० वॅट’ एवढेच लिहून किमान दर मागवला, तर किमान दराचे घरगुती यंत्रच येणार. त्याऐवजी ओढ, प्रवाह, गाळणीचा वर्ग, आवाज, वजन आणि व्यावसायिक वापरासाठीची हमी या बाबी नमूद कराव्यात. नळी, गाळणी, पिशव्या आणि कार्बनचे ब्रश यांचे दरही त्याच कागदावर घ्यावेत आणि दुरुस्तीचे केंद्र जिल्ह्यात आहे काय, हे विचारावे. दुरुस्तीसाठी यंत्र मुंबईस पाठवून पंधरा दिवस वाट पाहणे लहान संस्थेला परवडत नाही.

विक्रेत्याच्या दुकानातील प्रात्यक्षिकावर विसंबून राहू नये. टेबलावर सांडलेली रांगोळी कोणतेही यंत्र उचलते. यंत्र कामाच्या जागी मागवावे, ज्यांना ते रोज चालवायचे आहे त्यांच्याच हाती द्यावे आणि सलग तासभर चालू ठेवावे. तासाच्या अखेरीस ओढ प्रारंभीइतकीच आहे काय, मोटारीचा वास येतो काय, हे पाहावे. त्याच वेळी, हवा जेथून बाहेर पडते त्या जाळीवर एक स्वच्छ पांढरा रुमाल पाच मिनिटे धरावा. रुमाल काळवंडला तर ते यंत्र परत पाठवावे.