विश्लेषण : मशरूमचे ओंडके बर्फात जगतात, मग घरातल्या उबेत का मरतात?

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात परसातल्या ओंडक्यांवर शिटाके मशरूम पिकवणाऱ्यांना नोव्हेंबर उजाडला की एकच चिंता लागते : पारा शून्याखाली गेल्यावर या ओंडक्यांचे करायचे काय? नवखे लोक ते उचलून घरात, हीटरच्या उबेत आणून ठेवतात. वर्षभर सांभाळलेला ओंडका नेमका तिथेच मरतो. त्याला थंडीपेक्षा कोरडेपणाचा धोका मोठा असतो. तो कसा, ते पाहू.

ओंडक्यावर मशरूम पिकते कसे?

आपल्याकडे घरगुती मशरूम म्हणजे बहुतेक वेळा धिंगरी. पेंढ्याच्या पिशवीत स्पॉन भरायचे, तीन-चार आठवड्यांत तोडणी सुरू करायची आणि दोन-तीन तोडण्या झाल्या की पिशवी खतात टाकायची. तिचा हिवाळा काढण्याचा प्रश्नच येत नाही. शिटाकेचे गणित वेगळे आहे. ओक किंवा शुगर मेपलचे साधारण एक मीटर लांब आणि 10 ते 15 सेंटिमीटर जाड ओंडके हिवाळ्याच्या अखेरीस, झाडाला कळ्या फुटण्याआधी तोडले जातात. त्यांना ड्रिलने भोके पाडून त्यात स्पॉन ठासतात आणि वरून मेण लावतात. बुरशीचे तंतू लाकडात पसरायला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत वेळ लागतो. त्यानंतर ओंडका तीन-चार वर्षे मशरूम देतो. म्हणजे तितके हिवाळे त्याला काढावेच लागतात आणि पहिला हिवाळा येतो तेव्हा बहुतेकदा त्याने एकही मशरूम दिलेले नसते.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत ही शेती तशी अलीकडची. रेल्वेचे लाकडी स्लीपर कुजवणाऱ्या एका वेगळ्याच बुरशीशी शिटाकेची गल्लत केली गेल्याने तिथे 1972 पर्यंत जिवंत स्पॉन आयात करायला बंदी होती.

गोठल्यावर बुरशी मरत नाही का?

ओंडक्यात नीट पसरलेली असेल तर सहसा नाही. हे तंतू 22 ते 26 अंश सेल्सिअसला सर्वाधिक वेगाने वाढतात आणि पारा पाच अंशांवर आला की वाढ जवळपास थांबते. त्याखाली ते झोपी जातात. पेशींतील ट्रेहॅलोजसारख्या शर्करा त्यांना गोठण्यापासून काहीसे वाचवतात. शिवाय लाकडाच्या पेशीभित्तींना घट्ट धरून असलेले पाणी शून्य अंशाला सहजी गोठत नाही. व्हरमाँटसारख्या राज्यात, जिथे रात्री पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरू शकतो, ओंडके हिवाळाभर बाहेरच राहतात. जपानमध्ये तर थंडीत सावकाश वाढलेले, जाड टोपीचे ‘डोंको’ शिटाके सर्वांत मौल्यवान समजले जाते.

मग धोका कशाचा?

ताज्या ओंडक्याच्या वजनात 40 ते 50 टक्के पाणी असते. ते 30 टक्क्यांच्या आसपास आले की तंतू अशक्त होतात आणि 25 च्या खाली गेल्यावर सहसा वाचत नाहीत. वाईट म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही. मेलेला ओंडका वसंतातही तसाच दिसतो, फक्त मशरूम येत नाहीत.

आता घरातल्या हवेचे पाहा. उणे 10 अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते. 20 अंशांच्या हवेत सुमारे 17 ग्रॅम मावते. म्हणजे बाहेरची हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 13-14 टक्क्यांवर येते. स्वयंपाक आणि माणसांच्या श्वासामुळे ती थोडी वाढते, तरी ओंडक्यासाठी ती हवा शोषकागदच.

याचा अंदाज घ्यायला साधा वजनकाटा पुरतो आणि मला तरी हा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. समजा स्पॉन भरताना ओंडका 10 किलोचा होता आणि त्यात 45 टक्के पाणी होते. म्हणजे साडेपाच किलो कोरडे लाकूड. पाणी 30 टक्क्यांवर येईल तेव्हा एकूण वजन 7.9 किलोच्या आसपास असेल. साडेआठ किलोला काटा आला की पाणी द्यायला हवे. हा हिशेब पहिल्या वर्षापुरताच धरावा, कारण पुढे बुरशी लाकूडच खाऊ लागते आणि वजन त्यानेही घटते.

ठेवायचे कुठे?

बाहेर, जमिनीलगत, वाऱ्याच्या आडोशाला. पाइन किंवा हेमलॉकसारख्या सदाहरित झाडांखालची जागा उत्तम. मातीचा थेट स्पर्श टाळण्यासाठी खाली लाकडी पॅलेट किंवा दोन जुने ओंडके टाकून त्यावर रास रचावी. वर बर्फ साचला तर तो झटकू नये. बर्फाचा थर पांघरुणासारखा असतो : आतले तापमान शून्याच्या आसपास राहते आणि कोरडा वारा लागत नाही. बर्फ कमी पडणाऱ्या भागात गोणपाट किंवा शेडनेट टाकतात. प्लॅस्टिक मात्र नको. उन्हात त्याखाली वाफ कोंडते आणि हिरवी बुरशी माजते. बाल्कनीवाल्यांनी हीटर नसलेले गॅरेज किंवा तळघर वापरावे, पण तिथे पाऊस-बर्फ पोहोचत नाही, त्यामुळे अधूनमधून ओंडके भिजवणे आलेच.

मशरूम लवकर यावे म्हणून ओंडके 12 ते 24 तास पाण्यात बुडवतात. शरद ऋतूतली अशी शेवटची बुडवणी कडाक्याच्या थंडीच्या सहा-आठ आठवडे आधी उरकावी. तुडुंब भिजलेला ओंडका लगेच गोठला तर साल सुटण्याची भीती असते आणि ओलावा राखते ती सालच.

खरी कसोटी मार्चमध्ये. बर्फ वितळलेला, झाडांना पाने नाहीत, ऊन थेट ओंडक्यांवर आणि वारा सुटलेला. हिवाळाभर तगलेले ओंडके या दोन-तीन आठवड्यांत सुकू शकतात. त्यामुळे बर्फ गेला तरी गोणपाट काढण्याची घाई नको. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा पाइपने चांगले पाणी मारावे, आणि दिवसाचा पारा 10 अंशांच्या वर टिकू लागला की ओंडक्यांवर रोज नजर ठेवावी. शिटाके बाहेर पडू लागले की काही दिवसांतच तोडणीला येते. मात्र या ओंडक्यांवर रानटी मशरूमही उगवतात. खात्री नसलेले काहीही कढईत टाकू नये.